चिंचेने घासलेला जनरेटर

गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५. सकाळचे आठ वाजून चाळीस मिनिटे. मी तेलगावात, घरी, दाढी करत होतो. एक गाल झाला होता. फोन वाजला.

"सर, रेखा बोलतेय. केजहून. व्होल्टेज बनत नाही."

"किती दाखवते?"

"तीन."

"फिरण्याची दिशा?"

"तपासली. बरोबर आहे."

"फील्डमधला रेझिस्टन्स?"

"पूर्ण काढून पाहिला. तरी तीनच. परवा दोनशे वीस आले होते, सर. परवा चालत होतं." मग म्हणाली, "दोन वाजता समिती येतेय."

दुसरा गाल मी केला की नाही, हे मला आठवत नाही. नसावा, कारण नंतर मोटारी भरणारा गफूर त्यावरून बोलला. नऊ वाजता मी धारूरमार्गे केजला जाणाऱ्या जीपमध्ये होतो. बसायला जागा नव्हती. एका पायावर उभा होतो. वय एकाहत्तर. चालक म्हणाला, "आजोबा, पुढच्या जीपनं या की, एवढी काय घाई?" मी म्हणालो, "यंत्र आजारी आहे." त्याने मला पेंडीच्या पोत्यावर बसवले.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो.

केजजवळच्या एका तंत्रनिकेतनात मी एकतीस वर्षे विद्युत यंत्रांच्या प्रयोगशाळेत काढली. आधी सहायक, नंतर निदेशक. या प्रयोगशाळेत एकाच लोखंडी पायावर दोन यंत्रे बसवलेली आहेत. एका टोकाला विजेवर फिरणारी मोटार, दुसऱ्या टोकाला तिने फिरवलेला डी.सी. शंट जनरेटर. मोटार फिरवते, जनरेटर वीज करतो. वीज करायला चुंबक लागते. या जनरेटरचे वैशिष्ट्य असे, की तो आपले चुंबक आपल्याच विजेवर तयार करतो. मग पहिली वीज कुठून येते, हा प्रश्न दर वर्षी वर्गात कोणीतरी विचारी. मी विचारी, "घरी दही कसे लावतात?" कालच्या दह्याचे चमचाभर विरजण. त्याप्रमाणे यंत्राच्या लोखंडात कालच्या चुंबकाचा थोडा अंश उरलेला असतो. त्यावर दोनचार व्होल्ट निघतात. ते व्होल्ट फील्डमध्ये, म्हणजे चुंबकाच्या गुंडाळीत, जातात, चुंबक वाढते, व्होल्ट वाढतात, पुन्हा चुंबक वाढते. अर्ध्या मिनिटात तीनचे दोनशे वीस होतात. तो काटा चढताना पाहणे हे माझ्या नोकरीतील एकमेव व्यसन होते.

विरजण नासले तर? तेही पाहिले आहे. जुन्या जीपगाड्यांना असाच डायनॅमो असे. केजच्या स्टँडवरचे जीपवाले तो काढून पिशवीत घालून माझ्याकडे आणत. एकाची जीप कुठल्याशा खटल्यात तीन वर्षे पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती. सुटल्यावर डायनॅमो मुका. त्याने तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सर, ठाण्यात राहून राहून ह्याची बोलती बंद झाली." मी बॅटरीच्या दोन तारा क्षणभर लावल्या, लोखंडाला चुंबकाची आठवण करून दिली. डायनॅमो बोलू लागला. तो माणूस माझ्या पाया पडू लागला. मी त्याला कारण समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि स्टँडवर जाऊन सांगितले, की लोमटे सरांच्या हाताला गुण आहे. पुढे दोन वर्षे लोक माझ्याकडे मिक्सर आणत होते.

गुरुवारची गोष्ट मात्र थट्टेची नव्हती. मागील भेटीत तंत्रनिकेतनांची तपासणी करणाऱ्या समितीला हे यंत्र बंद आढळले होते. बेअरिंग गेले होते. समितीने लेखी दिले होते, की पुढील भेटीत जनरेटरची भारचाचणी प्रत्यक्ष झाली नाही, तर विद्युत शाखेचे नवे प्रवेश थांबवावेत. रेखा जोगदंड या शाखेची प्रमुख. माझी विद्यार्थिनी. मी तिला चारचौघांत मॅडम म्हणतो, एरवी अगं. तालुक्यातील शेतकऱ्यांच्या मुली घरून ये-जा करून शिकू शकतात अशी ही जवळची एकच विद्युत शाखा. ती स्वतः त्याच वाटेने आली. शाखा बंद होणे म्हणजे काय, हे तिला कागदावर वाचावे लागणार नव्हते.

दहा वाजून वीस मिनिटांनी मी प्रयोगशाळेत शिरलो. प्राचार्य दाराशी होते. "या, लोमटे. वाचवा बुवा." रेखा यंत्रापाशी गुडघे टेकून बसली होती. हातात मीटर, केस विस्कटलेले.

मी यंत्र चालवायला सांगितले. तीन व्होल्ट. काटा हलेना. विरजण जिवंत होते. पण दही लागत नव्हते. वीज तयार होते आणि कुठेतरी गळते, एवढाच त्याचा अर्थ. यंत्र थांबवले. टोकाचे झाकण काढले.

आतील कम्युटेटर झगझगत होता.

कम्युटेटर म्हणजे फिरत्या भागाच्या टोकाला बसवलेले तांब्याचे गोल नळकांडे. ते अखंड नसते. तांब्याच्या पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या बसवलेल्या असतात आणि दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाची पातळ भिंत असते. वरून कोळशाचे दोन ब्रश घासत राहतात आणि वीज बाहेर आणतात. चांगल्या चाललेल्या यंत्रात या तांब्यावर तपकिरी साय धरते. ती साय म्हणजे मळ नव्हे. ती ब्रशची आणि तांब्याची वर्षावर्षांची ओळख असते. तिच्यामुळे घर्षण कमी होते, ठिणग्या उडत नाहीत. माझ्या यंत्राचा तांबूस काळपट रंग मी डोळे मिटून ओळखला असता. आणि आज ते तांबे लग्नातल्या घंगाळासारखे लखलखत होते.

मी वाकून वास घेतला. आंबट.

"हे कोणी केले?"

मग दारामागून कौसाबाई पुढे आल्या. प्रयोगशाळेची झाडलोट करणाऱ्या. कंत्राटी. वीस वर्षांपासून.

"म्या केलं, सर." आवाजात भीती नव्हती, थोडा अभिमानच होता. "काल शिवजयंतीची सुट्टी व्हती. म्हनलं, उद्या सायबलोक येनार, आन् हे तांबं लई काळं झालतं. घरची नवी चिंच व्हती. मीठ लावून घासलं. हात दुखून आले बगा, पर निगालं."

प्राचार्यांचा आवाज चढला. "कौसाबाई! उद्यापासून येऊ नका तुम्ही!"

"ओरडून अभ्रक साफ होत नाही," मी प्राचार्यांना म्हणालो. मग कौसाबाईंकडे वळलो. मलाही राग होताच. "मी तुम्हाला यंत्राला हात लावायचा नाही म्हणून सांगितले होते."

"तुमी होता तवर लावला का?" त्या म्हणाल्या. "तुमी गेलात. मंग कुनी न्हाई म्हनलं न्हाई. परवा प्राचार्य सायब म्हनले, समदं चकाचक पायजे. आन् सर, हात लावायचा न्हाई हे सांगितलंत, पर कावून लावायचा न्हाई ते तुमी कदीच सांगितलं न्हाई."

मी पुन्हा यंत्रावर वाकलो. वाद घालायला वेळ नव्हता.

चिंचेचा कोळ आणि मीठ पट्ट्यांमधल्या फटींत बसून वाळले होते. आंबट आणि खारट ओल विजेला वाट देते. पट्टी शेजारच्या पट्टीशी चोरून बोलत होती. पहिले तीन व्होल्ट तिथेच जिरत होते. मेगर या रोध मोजणाऱ्या उपकरणाने आर्मेचर, म्हणजे फिरत्या भागाची गुंडाळी, आणि तिचा दांडा यांमधला रोध मोजला. तो भरपूर असायला हवा. काटा जवळजवळ शून्यावर. मला आनंद झाला. हा विचित्र आनंद आमच्या धंद्यातील माणसालाच कळेल. रोग सापडला की अर्धे काम झाले.

"पट्ट्या किती?" मी विचारले.

"बहात्तर," रेखा म्हणाली.

"म्हणजे बहात्तर फटी. गफूरला बोलवा."

प्राचार्य मला बाजूला घेऊन गेले. "लोमटे, एक सुचवू? यंत्र नुसते फिरताना दाखवू. वाचने मागच्या वर्षीच्या जर्नलातून उतरवून तक्ता तयार ठेवू. समितीचे लोक काय तास-तास उभे राहतात का?"

प्राचार्य वाईट गृहस्थ नाहीत. घाबरले होते. आणि त्यांनी सुचवले ते नवीनही नव्हते. जर्नले उतरवणे हा आमच्याकडील जुना कुटीरोद्योग आहे. एका वर्षी एका तुकडीच्या तेवीस विद्यार्थ्यांनी मला शंट जनरेटरचे नेटके तक्ते आणून दिले. प्रत्येकाचे पहिले वाचन दोनशे वीस व्होल्ट. त्या आठवड्यात प्रयोगशाळेतला व्होल्टमीटर दुरुस्तीला बीडला गेलेला होता. मी सर्वांना विचारले, "तुम्ही दोनशे वीस कशावर वाचले?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "अंदाजावर, सर." ते उत्तर तेवढे खरे होते.

"तक्ता खरा होईल, नाहीतर होणार नाही," मी प्राचार्यांना सांगितले. ते कपाळ धरून बाहेर गेले.

गफूरभाई पावणेअकराला आला. स्टँडजवळ त्याचे मोटार भरण्याचे दुकान आहे. शेतातल्या जळलेल्या पंपांच्या मोटारी उघडून नवी तार गुंडाळणे हा त्याचा उद्योग. वडिलांपासून चालत आलेला. त्याने आधी यंत्राकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"लोमटेसाब, एक गाल की दाढी का ठेवली? नवी फॅशन हाय का?"

"काम बघ."

त्याने कम्युटेटरवर बोट फिरवले, बोट नाकाला लावले, आणि जिभेला. "वाह! आमटी चांगली झाली. गूळ टाकायचा राहिला फक्त." मग कौसाबाईंना, "मावशी, माझ्या दुकानात याल का? तिथं लई काळं हाय. पर तांब्याला सोडून हात लावा."

"गप रे मेल्या," कौसाबाई म्हणाल्या. "तुज्या दुकानात मानूसच काळा दिसतोय."

आम्ही कामाला लागलो. गफूरने करवतीचे पाते घासून फटीएवढे पातळ केले होते. एका फटीत पाते हलकेच ओढायचे, वाळलेला कोळ उकरायचा, अभ्रकाला धक्का लागू द्यायचा नाही, तांब्याची कड खरवडायची नाही. मग कुंचल्याने झाडायचे. मग स्पिरिटचा बोळा. पाणी चालत नाही. पाण्याने मीठ आणखी आत जाते. रेखा फटी मोजत होती. गफूर आणि मी आलटून पालटून. अकरा फटी झाल्या तेव्हा साडेअकरा वाजले होते. त्या गतीने आम्ही सायंकाळी पोहोचलो असतो.

"दुसरे पाते?"

"दुकानात." गफूर मोटारसायकलवर गेला आणि आला. दोन पाती. मग माझी बाजू आणि त्याची बाजू. वीस. बत्तीस. माझी बोटे थरथरत नव्हती, याचे मला आश्चर्य वाटत होते. निवृत्तीनंतरची तेरा वर्षे मी घरी चहाचा कप बशीत सांडत होतो. एकेचाळीस. कौसाबाई बोळे भिजवून देत होत्या. त्यांना कोणी सांगितले नव्हते. पंचावन्न. गफूर गुणगुणायला लागला. म्हणजे त्याचेही मन लागले होते.

बारा वाजून पन्नास मिनिटांनी रेखा ओरडली, "बहात्तर!"

आता वाळवणे. स्पिरिट उडून जाते, पण आत गेलेली ओल जात नाही. गरम हवा हवी. रेखा धावत वसतिगृहात गेली आणि मुलींचे केस वाळवायचे यंत्र घेऊन आली. मी आयुष्यात प्रथमच ते हातात धरले. वीस मिनिटे आर्मेचरच्या टोकावर गरम वारा सोडला. मेगरचा काटा उठला. चढला. स्थिर झाला. चांगला. काचकागदाच्या पट्टीने ब्रश कम्युटेटरच्या गोलाईला बसवले. काचकागदच, एमरी पेपर नाही, कारण एमरीचे कण वीज वाहतात आणि पुन्हा तोच रोग लागतो. ब्रशच्या तारा मी स्वतः जोडल्या. एक वाजून पन्नास मिनिटे.

एक अडचण उरली होती, ती भाराची. जनरेटरची भारचाचणी म्हणजे बैलाची परीक्षा: रिकामी गाडी कोणीही ओढतो, गोणी एकेक वाढवत जायचे आणि चाल किती मंदावते ते लिहायचे. इथे गोणी म्हणजे विद्युतप्रवाह आणि चाल म्हणजे व्होल्ट. पूर्वी आम्ही बल्बांचा फळा वापरत असू. बल्ब एकेक लावायचा, भार वाढत जाई. तारेचे बल्ब आता बाजारात मिळत नाहीत. फळ्यावरचे अर्ध्याहून अधिक गेलेले होते. उरलेल्यांवर यंत्राला घामही आला नसता.

"पाण्याचा भार," मी म्हणालो.

निळे प्लास्टिकचे पिंप, त्यात पाणी, पाण्यात दोरीने टांगलेल्या दोन लोखंडी पाट्या. पाण्यात मीठ टाकत गेले की वीज जास्त वाहते. पाट्या खोल सोडल्या की आणखी वाहते. पिंप व्हरांड्यात, मोकळ्या हवेत ठेवायचे, कारण खाऱ्या पाण्यातून वीज गेली की घशाला लागणारा वायू सुटतो. पायाखाली रबराची चटई. दोरी ओढणारा एकच, आणि त्याने दुसरा हात खिशात ठेवायचा. गफूरने दहा मिनिटांत ते उभे केले.

समितीचे साहेब सव्वादोनला आले. एकटेच, बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर. त्यांनी चहा नाकारला. हारही नाकारला. "मागच्या वेळी हेच बंद होते ना? चालवा."

रेखाने मोटार चालू केली. यंत्राचा सूर चढत गेला. वेगमापकावर मिनिटाला पंधराशे फेरे. व्होल्टमीटर सहावर. सकाळी तीन होते. गळती थांबली होती. माझा श्वास मोकळा झाला. "फील्ड," मी म्हणालो. तिने फील्डचा स्विच टाकला.

काटा सहावरून दोनवर आला.

प्राचार्यांनी डोळे मिटले. साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि माझ्याकडे पाहिले.

आणि मी, सांगायला संकोच वाटतो, जवळजवळ ओरडलो. "घटले! सहाचे दोन झाले! रेखा, घटले म्हणजे काय?"

तिने काट्याकडे आणि तारांकडे पाहिले. मग तिचे डोळे चमकले. "उलटं जोडलंय!"

सहावर अडले असते तर कारण शोधत बसावे लागले असते. पण फील्ड जोडताच व्होल्ट घटले, याचा अर्थ नवीन चुंबक जुन्या चुंबकाला पुसत होते. विरजणात कोणी सोडा टाकावा तसे. ब्रशच्या दोन तारा अदलाबदल झाल्या होत्या. त्या जोडणाऱ्याने तारांना खुणेच्या चिंध्या बांधल्या नव्हत्या. एकतीस वर्षे मी प्रत्येक तुकडीला चिंधी बांधायला लावली. जोडणारा मीच होतो.

"चूक माझ्या हाताची आहे," मी साहेबांना सांगितले. "तीन मिनिटे द्या."

"पाच घ्या," ते म्हणाले.

दोनच लागली. पुन्हा मोटार. पुन्हा पंधराशे. पुन्हा सहा. फील्ड.

सात. नऊ. चौदा. काटा आधी रांगतो. ज्याने पाहिले नाही त्याला वाटते, हा पुन्हा अडला. बावीस. चाळीस. मग तो उठतो. नव्वद. एकशे साठ. दोनशे पाच. गफूरने "या अल्लाह" म्हटले. कौसाबाईंनी टाळी वाजवली आणि लगेच हात पदरात लपवला. दोनशे वीसवर रेखाने फील्डचा रेझिस्टन्स लावून काटा थांबवला, आणि आता त्याला कोणी हात लावू नये असे सर्वांना बजावले. चाचणीचा हाच कायदा आहे: सुरुवातीला एकदा ठरवले, की नंतर यंत्राला मदत करायची नाही. ते किती वाकते ते बघायचे.

गफूर दोरीवर. रेखा मीटरांवर. मी वेगावर. साहेब स्वतः वही घेऊन उभे राहिले.

"मीठ," मी म्हणालो. कौसाबाई पिंपाजवळ उभ्या होत्या. प्रवाह बंद असताना त्यांनी एक मूठ टाकली आणि विचारले, "आनखी?"

"हळूहळू."

"म्हंजे चवीपुरतं."

साहेब हसले. पहिल्यांदाच.

दोन अँपिअर, दोनशे सतरा. चार, दोनशे चौदा. सहा, दोनशे दहा. यंत्राचा आवाज जड होत गेला, जसा चढावर गाडीचा होतो. आठ, दोनशे सहा. ब्रशखाली निळसर ठिणग्यांची बारीक किनार दिसली. नव्याने उघड्या पडलेल्या तांब्यावर एवढे होणारच. दहा, दोनशे एक. बारा, एकशे पंच्याण्णव. साडेतेरा, म्हणजे यंत्राच्या पाटीवर लिहिलेला पूर्ण भार: एकशे नव्वद.

समितीला एवढेच हवे होते. रेखाने माझ्याकडे पाहून दीर्घ श्वास सोडला. चाचणी झाली होती. शाखा वाचली होती. प्राचार्य पुढे आले. "साहेब, आता चहा..."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. पाण्यातल्या पाट्यांकडे पाहत म्हणाले, "अजून खोल जातात का या?"

"जातात," मी म्हणालो.

"मी बावीस वर्षे शिकवले. पुढचे कधी पाहिले नाही. बल्ब संपायचे."

मीसुद्धा या यंत्रावर ते केलेले नव्हते. जास्त प्रवाह सोसणारा फ्यूज घातला. "गफूर, सोड. वितीवितीने."

सोळा, एकशे ऐंशी. अठरा, एकशे सदुसष्ट. यंत्र आता घुमत नव्हते, कण्हत होते. एकोणीस, एकशे पन्नास. पिंपातून वाफ यायला लागली. "आणखी." गफूरने दोरी सोडली, पाट्या खोल गेल्या. भार वाढला.

आणि अँपिअरचा काटा मागे फिरला.

सतरा. व्होल्ट एकशे वीस. "आणखी सोड!" साहेब म्हणाले. बारा. व्होल्ट साठ. भार वाढवतोय आणि प्रवाह कमी होतोय. दोन्ही काटे हातात हात घालून घरी निघाल्यासारखे खाली आले. सहा अँपिअर. वीस व्होल्ट. यंत्राचा आवाज हलका झाला. ते जवळजवळ रिकामे फिरत होते.

हेच शंट जनरेटरचे शहाणपण. त्याचे चुंबक त्याच्याच व्होल्टांवर जगते. ओझे फार झाले की व्होल्ट पडतात, व्होल्ट पडले की चुंबक पडते, आणि तो स्वतःहून काम सोडून देतो. जळत नाही. मोडत नाही. मी हे फळ्यावर एकतीस वर्षे काढले होते: पुढे जाणारी आणि मग मागे वळणारी रेषा. डोळ्यांनी त्या दिवशी पाहिले. साहेबांनी टोपी असती तर उडवली असती. त्यांनी माझा हात धरून हलवला. ब्रश थंड झाले का ते बघायचे विसरून मीही हलवला.

त्यांनी वहीत 'यंत्र कार्यरत, चाचणी पूर्ण भारापलीकडे समक्ष पाहिली' असे लिहून सही केली आणि प्राचार्यांसोबत वर्कशॉप पाहायला गेले. जाताना प्राचार्य कौसाबाईंना म्हणाले, "उद्या जरा लवकर या, पायऱ्या धुवायच्यात." कौसाबाईंनी मान हलवली. गफूर पाती पुसत होता.

रेखा वाचनांच्या कागदाकडे बघत उभी होती.

"सर, हे मी आधी पाहिलेलं हाय."

ती शुद्ध बोलते. शिकवताना तर अतिशुद्ध. म्हणून मी थांबलो.

"दुसऱ्या वर्षी. याच यंत्रावर. आमच्या गटानं वेग जरा कमी ठेवला होता, फील्ड दुबळं होतं. शेवटचे बल्ब लावले आणि सगळेच मंद होत गेले. अँपिअर पण उतरले. मी दोन वाचनं लिहिली तशी. तुम्ही लाल शाईनं ती काटली. 'अशक्य' लिहिलंत आणि शून्य."

मला आठवले. शाईची रेघ आठवली. कारण मी कागदावर जोर देऊन रेघ मारतो. बल्बांच्या भारावर ते वळण येणारच नाही, असे मी धरून चाललो होतो.

"मग काय केलेस?"

"मग सीनियरच्या जर्नलातून उतरवलं. सरळ, उतरती रेषा. तुम्ही दहापैकी नऊ दिलेत."

गफूर पाती पुसायचा थांबला होता. मी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. खरे लिहिल्याबद्दल मी तिला शून्य दिले होते आणि खोटे लिहिल्याबद्दल नऊ. अठरा वर्षे हे तिच्या मनात होते, आणि आज सकाळी अडचणीत तिने फोन कोणाला केला, तर मला.

"चूक माझी होती," मी म्हणालो. "यंत्र पाहायला हवे होते. मी फक्त रेषा पाहिली."

ती हसली. "सर, तुमी असं कदी बोलत नव्हता हो."

"तुम्ही कोणी मला विचारले नव्हते."

"विचारायची छाती कुनाची होती?" गफूर मधेच म्हणाला. "आमच्या धाकट्याला यांनी चिंधी बांधली न्हाई म्हणून वर्गाबाहेर काढलं होतं. आज सोताच न्हाई बांधली!"

मी त्याला गप्प बसायला सांगितले नाही. रेखाला आलेखाचा कागद घ्यायला सांगितला आणि सर्व बिंदूंमधून रेषा काढायला लावली, वळणाऱ्या बिंदूंमधूनसुद्धा. सुरुवातीला तिचा हात मागे वळताना अडखळला. मग वळला. खाली तिने आजची तारीख लिहिली. आलेख भिंतीवर लावायचा की फाइलमध्ये ठेवायचा, हे तिने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. ती तिची प्रयोगशाळा आहे.

मग मी कौसाबाईंना हाक मारली. कम्युटेटरवर बॅटरीचा उजेड धरला आणि दाखवले. ब्रश जिथून गेले होते तिथे तासाभराच्या भारातच तांब्यावर अंधूक तपकिरी पट्टा उमटू लागला होता. "ही साय आहे," मी म्हणालो. "दुधावरची काढता तशी काढायची नाही. ही असली की ठिणगी कमी उडते. फटीत काही ओले गेले की वीज आतल्या आत गळते. म्हणून हात लावायचा नाही." बोलायला अर्धे मिनिट लागले. नोकरीत होतो तोवर मी ते अर्धे मिनिट वाचवत आलो होतो.

त्यांनी वाकून पाहिले. "आता कळलं की. लई सोपं हाय. उगं भ्या दावत व्हता."

साडेचारची जीप होती. त्याआधी पिंप रिकामे करायचे होते. मी आणि कौसाबाईंनी दोन बाजू धरल्या. कौसाबाई वर्कशॉपमागच्या लिंबाकडे वळू लागल्या. "ह्याला घालू? उन्हाळा लागलाय, तहानलंय बिचारं."

"नाही," मी म्हणालो, आणि पुढे सांगितले, "मिठाने मुळे मरतात."

आम्ही ते पाणी कुंपणाबाहेरच्या सिमेंटच्या गटारात ओतले. पाट्या गोड्या पाण्याने दोनदा धुतल्या, फडक्याने कोरड्या पुसल्या, आणि मी पिंप भिंतीला टेकवून पालथे घातले.